साने गुरुजींचे एक रोजचे पान

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगड येथे झाला. 1924 मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. (आपली बरीच मुले ‘अमलनेर’ वाचतात, हिंदीच्या सवयीने ळ हरवतो.) तेथील वसतिगृहातील मुलांसाठी गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. छापखाना नाही, खर्च नाही, आणि मुलांना रोज नवे वाचायला. वाचनाची गोडी लावण्याचा याहून सोपा उपाय मला तरी ठाऊक नाही.

1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि ‘कुरल’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. 1948 मध्ये ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हे त्यांचे ‘आंतरभारती’चे स्वप्न होते. 11 जून 1950 रोजी त्यांचे निधन झाले.

लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. म्हणून 2011 पासून गुरुजींची पुस्तके सर्वांना खुली आहेत, आणि मराठी विकिस्रोतासारख्या डिजिटल ग्रंथालयांत ती मोफत वाचता येतात. भोपाळमध्ये मराठी पुस्तक मिळत नाही, ही सबब आता चालणार नाही! घरी मराठी बोलणारी मुले वाचताना अडखळतात, याची मला खरी काळजी वाटते. ‘श्यामची आई’त 42 रात्री आहेत. आठवड्याला एक वाचली तरी वर्षात पूर्ण होतात. शब्द अडला, तर आजीला विचारावा.