पावसातली गिटार

डोळ्यांसमोर एक दृश्य आणा. ७ मे १९६४ चा दिवस. इंग्लंडमधलं मँचेस्टर शहर. तिथलं विल्ब्रॅहम रोड नावाचं रेल्वे स्टेशन, प्रवाशांसाठी केव्हाच बंद झालेलं. एका फलाटावर तरुण गोरी मुलंमुली दाटीवाटीने बसली आहेत. मध्ये रूळ. समोरच्या फलाटावर टीव्हीवाल्यांनी अमेरिकेतल्या जुन्या खेड्यातलं स्टेशन उभं केलंय. लाकडी खोकी, पोती, शिवाय खऱ्याखुऱ्या कोंबड्या आणि बकऱ्या! पाऊस झोडपून गेलाय, फलाट ओलाचिंब आहे. तेवढ्यात एक घोडागाडी येते. त्यातून पन्नाशीला टेकलेली एक कृष्णवर्णीय बाई उतरते. अंगात लांब कोट, पायात उंच टाचांचे बूट, केस नीट बसवलेले. जणू नात्यातल्या लग्नालाच निघाली आहे. ती चालत येते, इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते आणि असा काही सूर छेडते की पलीकडच्या फलाटावरची पोरं ताठ बसतात.

माझ्या भाचीने हे काही मिनिटांचं चित्रण मला मोबाइलवर दाखवलं, तेव्हा मी हातातली भाजी निवडायची विसरले. मला गिटारमधलं काही कळत नाही. पण त्या बाईचा आनंद आणि तिची हुकमत कळायला शिकावं लागत नाही. मग मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. तिचं नाव सिस्टर रोझेटा थार्प. सिस्टर म्हणजे नर्स नव्हे किंवा मठात राहणारी संन्यासिनीही नव्हे. तिच्या चर्चमध्ये बायकांना आदराने तसं म्हणत, आपण ताई म्हणतो तसं.

रोझेटा जन्मली २० मार्च १९१५ रोजी, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट या छोट्या गावात. गावाच्या नावातच कापूस. आईवडील कापूस वेचणारे मजूर. पण आई, केटी बेल, नुसती मजूर नव्हती. ती गायची, मँडोलिन वाजवायची आणि देवाचं नाव सांगत गावोगाव फिरायची. त्यांच्या पंथात बायकांना धर्मगुरूची दीक्षा मिळत नसे, पण प्रचार करायला आणि गायला मोकळीक होती. शिवाय टाळ्या, ढोल, नाच, वाद्यं हे सगळं त्यांच्या प्रार्थनेचाच भाग होतं. आपल्याकडे दिंडीत पाय थिरकतात ना, तसंच काहीसं. या ख्रिस्ती भक्तिगीतांना गॉस्पेल म्हणतात.

चौथ्या वर्षापासून पोरीच्या हातात गिटार आली असं सांगतात. सहा वर्षांची असताना केटी बेल नवऱ्याला सोडून तिला घेऊन शिकागोला आली. एका काळ्या मजूर बाईने १९२१ च्या सुमारास संसार मागे टाकून लेकीला घेऊन महानगरात यायचं, याला केवढं धैर्य लागलं असेल! शिकागोच्या चर्चमध्ये ही चिमुरडी गिटार घेऊन गायची आणि लोक थक्क होऊन बघायचे. मायलेकी गावोगाव कार्यक्रम करत फिरू लागल्या. त्या काळात गिटार वाजवणाऱ्या बायका मोजक्याच होत्या. पुढे रोझेटाचं कौतुक करायचं तर लोक ती पुरुषासारखी वाजवते असं म्हणत. बाईचं कौतुक करण्याची ही तऱ्हा आपल्यालाही अनोळखी नाही.

एकोणिसाव्या वर्षी, १९३४ मध्ये तिचं लग्न थॉमस थॉर्प नावाच्या धर्मोपदेशकाशी झालं. ते टिकलं नाही. नवऱ्याचं आडनाव मात्र थोडं बदलून थार्प म्हणून तिने कायमचं ठेवलं. १९३८ मध्ये ती आईबरोबर न्यूयॉर्कला आली आणि एका वर्षात सगळं पालटलं. ३१ ऑक्टोबरला डेक्का कंपनीने तिची चार गाणी रेकॉर्ड केली आणि ती चालली. कॉटन क्लब या नावाजलेल्या नाइट क्लबमध्ये ती जॅझच्या वाद्यवृंदाबरोबर गाऊ लागली. २३ डिसेंबरला तर कार्नेगी हॉलसारख्या मानाच्या सभागृहात तिची गिटार वाजली. वय अवघं तेवीस.

इथूनच तिच्या आयुष्यातला पेच सुरू झाला. चर्चमधली गाणी तिने दारू पिणाऱ्या, नाचणाऱ्या लोकांसमोर म्हटली! हे तिच्या माणसांना सहन होईना. आपल्याकडे देवळात अभंग म्हणणाऱ्या बाईने तोच अभंग तमाशाच्या बोर्डावर म्हटला, तर गावात काय उठेल याची कल्पना करा. देवाची बाई बाजारात उभी राहिली, असंच चर्चमधल्या लोकांना वाटलं. तिला स्वतःला मात्र गाणं एकच वाटत होतं, फक्त समोरची माणसं वेगळी.

१९४१ मध्ये ती पहिल्यांदा पडद्यावर दिसली. टीव्ही तेव्हा घरोघरी नव्हता. पण अमेरिकेत उपाहारगृहांत, बारमध्ये कपाटाएवढं एक यंत्र ठेवलेलं असायचं. दहा सेंटचं नाणं टाकलं की त्याच्या काचेच्या पडद्यावर तीनेक मिनिटांचा गाण्याचा सिनेमा दिसायचा. एका रिळावर आठ सिनेमे असत. आपल्या आवडीचा निवडता येत नसे, ज्याची पाळी असेल तो बघायचा. या चिमुकल्या सिनेमांना साउंडी म्हणत. लकी मिलिंडर या जॅझ वाद्यवृंदाच्या प्रमुखाबरोबर रोझेटाने अशा काही साउंडी केल्या. चर्चच्या बाकावर बसून टाळ्या वाजवणारे तिचे श्रोते आणि बारमध्ये नाणं टाकणारे हे प्रेक्षक, केवढं अंतर! मिलिंडरबरोबर तिला मनाविरुद्धची गाणीही म्हणावी लागली. १९४२ चं एक गाणं तर उंच, सडपातळ पुरुषाची मागणी करणारं होतं. चर्चच्या मंडळींना ते फार लागलं. पुढे ती मिलिंडरच्या वाद्यवृंदातून बाहेर पडली आणि पुन्हा भक्तिगीतांकडे वळली. गिटार मात्र तशीच राहिली, खणखणीत.

१९४४ मध्ये तिने एक भक्तिगीत रेकॉर्ड केलं, स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे. पियानो, ढोल आणि तिची इलेक्ट्रिक गिटार. १९४५ मध्ये ते काळ्या संगीताच्या लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. भक्तिगीताने तिथवर जाणं ही नवलाचीच गोष्ट होती. रॉक अँड रोल नावाचं जे संगीत पुढे साऱ्या जगाने डोक्यावर घेतलं, त्याची चाहूल या गाण्यात आहे असं अनेक अभ्यासक मानतात. एल्विस प्रेस्ली तेव्हा दहा वर्षांचा पोर होता.

एवढं नाव झालं तरी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात जेवायला किंवा झोपायला जागा नव्हती. रोझेटा दौऱ्यावर स्वतःची बस घेऊन जायची, तीत झोपायची सोय होती. तिच्याबरोबर काही काळ गोऱ्या गायकांची एक चौकडी फिरत असे. ती मंडळी हॉटेलात जाऊन तिच्यासाठी जेवण बाहेर आणून देत. रात्री हजारो लोकांच्या टाळ्या घ्यायच्या आणि जेवण मात्र मागच्या दाराने. हे सगळं गिळून ती पुन्हा हसत स्टेजवर जायची.

दुसऱ्याला पुढे आणण्यातही तिचा हात मोकळा होता. १९४७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी कार्यक्रमाआधी एक चौदा वर्षांचा मुलगा तिचीच गाणी म्हणताना तिने ऐकला. तिने त्याला त्या रात्री स्टेजवर गायला बोलावलं आणि पैसेही दिले. तो मुलगा पुढे लिटल रिचर्ड या नावाने रॉक अँड रोलचा मोठा कलावंत झाला.

आणि तिचं ते लग्न! ३ जुलै १९५१ ला वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये तिने रसेल मॉरिसनशी लग्न केलं. तिचं हे तिसरं लग्न. तिकीट काढून २० हजारांहून जास्त माणसं आली. लग्नाचा बेत आधी ठरला आणि नवरा मागाहून, असंही सांगतात. लग्नविधी आटोपला आणि नवरीने लग्नाच्या पोशाखातच गिटार गळ्यात घालून कार्यक्रम केला. याचीही रेकॉर्ड निघाली.

पण दिवस फिरतात. १९५५ नंतर तिच्याच धाटणीची गिटार घेऊन तरुण पुरुष गायक पुढे आले आणि टीव्हीच्या मोठ्या कार्यक्रमांत झळकू लागले. ते काय करतात हे तिच्या श्रोत्यांना नवं नव्हतं, बाकी जगाला मात्र नवं होतं. गॉस्पेलमध्येही आता इतर गायिकांचा बोलबाला होता. तिचे कार्यक्रम घटले. अशा वेळी तिला हात दिला तो युरोपने. १९५७ मध्ये क्रिस बार्बर या जॅझ वादकाच्या संचाबरोबर तिने इंग्लंडचा दौरा केला आणि तिथल्या तरुणांना ती फार आवडली.

१९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेत टीव्ही गॉस्पेल टाइम नावाचा, काळ्या कलावंतांच्या भक्तिगीतांचा कार्यक्रम टीव्हीवर लागे. त्यातल्या एका भागात तिने अप अबव्ह माय हेड हे गाणं म्हटलं. मागे चर्चचा गायकवृंद टाळ्या वाजवतोय, पुढे ही पांढरी गिटार घेऊन उभी. मध्येच गाणं थांबवून ती नुसती गिटार वाजवते. हे जरूर बघा. रेकॉर्ड ऐकणाऱ्याला वाटू शकतं की गाते बाई आणि वाजवणारा कुणी पुरुष असेल. पडद्यावर मात्र तिची बोटं दिसतात. तिथे शंकेला जागाच उरत नाही.

आता पुन्हा त्या ओल्या फलाटावर येऊ. ग्रॅनडा टेलिव्हिजनने तो कार्यक्रम केला होता. मडी वॉटर्ससारखे मोठे कलावंतही त्यात होते. पोती आणि कोंबड्यांची ती सजावट बघून मला जरा खटकलं. कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या लेकीला, कार्नेगी हॉल गाजवून आलेल्या बाईला पुन्हा त्याच पोत्यांत उभं केलं होतं. तिने काय केलं? आपला चांगला कोट घालून ती घोडागाडीतून उतरली. पाऊस बघून तिने ठरलेलं गाणंच बदललं असं सांगतात. डिडन्ट इट रेन म्हटलं, बायबलमधल्या महापुराचं गाणं. हवामानाने केलेला घोळ तिने गाण्याच्या कामाला लावला! सजावटीकडे मग कुणाचं लक्षच राहिलं नाही.

१९७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असताना तिला पक्षाघाताचा झटका आला. मधुमेहही होता. त्यातून एक पाय कापावा लागला. तरी ती गातच राहिली. ९ ऑक्टोबर १९७३ ला फिलाडेल्फियात तिचं निधन झालं, वय ५८. लवकरच नवं रेकॉर्डिंग व्हायचं होतं. नॉर्थवुड दफनभूमीत तिला पुरलं, पण तिथे दगड बसला नाही, नावही लागलं नाही. जिच्या लग्नाला स्टेडियम भरलं, तिच्या कबरीवर साधी पाटी नाही. अशी ३० वर्षांहून जास्त काळ गेली.

हळूहळू लोकांना तिची आठवण झाली. १९९८ मध्ये अमेरिकेने तिचं टपाल तिकीट काढलं. २००७ मध्ये गेल वॉल्ड या प्राध्यापिकेने तिचं चरित्र लिहिलं. ११ जानेवारी २००८ ला फिलाडेल्फियात एक कार्यक्रम करून पैसे जमवले गेले आणि अखेर तिच्या कबरीवर दगड बसला. ते फलाटावरचं आणि टीव्ही गॉस्पेल टाइममधलं चित्रण इंटरनेटवरून घराघरांत पोचलं आणि नव्या पिढीने डोळे विस्फारून विचारलं, ही बाई आम्हाला आधी का नाही माहीत? रॉक अँड रोलच्या मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये एल्विस, चक बेरी, लिटल रिचर्ड १९८६ मध्येच, पहिल्या तुकडीत बसले होते. रोझेटाला तिथे जागा मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी. २०२२ च्या एल्विस या सिनेमात तिची छोटी भूमिका होती, ती योला या गायिकेने केली.

मला राहून राहून वाटतं, त्या पावसात कुणी कॅमेराच लावला नसता तर? रेकॉर्ड उरल्या असत्या, पण ती बोटं, ती चाल, तो चेहरा आपल्याला कधीच दिसला नसता. आपल्या भजनी मंडळात पेटीवर बोटं सफाईने फिरवणारी एखादी काकू असते. जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ असलेली एखादी आजी असते. हळदीकुंकवाचे, मुंजीचे फोटो आपण ढिगाने काढतो. त्या काकूचं आणि आजीचं एखादं गाणं या आठवड्यात मोबाइलवर उतरवून ठेवाल का? आणि हो, खाली त्यांचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका.