बेडकांचे कैवारी

आषाढात अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातील भातखाचरे तुडुंब भरतात आणि बेडकांचे डराव डराव सुरू होते. या क्षुद्र जिवाची बाजू हुमायून अब्दुलअली यांनी हिरिरीने मांडली.

त्यांचा जन्म १९१४ साली जपानमधील कोबे शहरी झाला; शिक्षण व कार्य मात्र मुंबईत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते अनेक वर्षे मानद चिटणीस होते. पक्षी हा त्यांचा मुख्य विषय. तथापि सह्याद्रीतील ओढ्याकाठच्या एका बेडकास १९५५ साली शास्त्रज्ञांनी त्यांचेच नाव दिले.

पुढे परदेशी खवय्यांसाठी भारतातून बेडकांचे पाय जाऊ लागले. एकट्या १९८१ साली चार हजार टनांहून अधिक! त्यासाठी किती बेडूक मारले गेले असतील, याची कल्पनाच करावी. परकीय चलन मिळे, म्हणून पुष्कळांना त्यात वावगे वाटेना. अब्दुलअलींनी हिशेब उलटा मांडला. पिकांवरील किडे व बांध पोखरणारे खेकडे बेडूक फुकट खातो. तो नाहीसा झाला, तर कीटकनाशकांवर पैसा ओतावा लागेल. १९८५ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. इतरांनीही आवाज उठविला, आणि १९८७ साली शासनाने ही निर्यात बंद केली. त्या वेळी अब्दुलअलींनी सत्तरी ओलांडली होती. २००१ साली ते निवर्तले.