बिया प्रवास कशा करतात? हा प्रश्न बर्लिनपर्यंत नेणारे आघारकर

नंदुरबारच्या माळरानावर उन्हाळ्यात रुईची बोंडं फुटतात आणि म्हाताऱ्या वाऱ्यावर उडू लागतात. गोखरूचा काटा पायात रुततो, कुसळ धोतराला चिकटते. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि बिया लेंडीतून दुसऱ्या बांधावर पोहोचतात. सातपुड्यात मोहाची फळं वटवाघळं दूर नेतात. झाड जागचं हलत नाही, वंश मात्र फिरतो. या प्रवासाचा शास्त्रीय अभ्यास शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने केला.

कोण होते आघारकर?
शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म 1884 मध्ये मालवणचा. 'सुधारक'कार गोपाळ गणेश आगरकर वेगळे. नावातल्या साम्यामुळे अनेकांची गल्लत होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेल्या आघारकरांना पश्चिम घाटात सातारा भागातील नद्यांमध्ये गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर त्याचे भाईबंद आफ्रिकेतच माहीत होते. मग तो इथे आला कसा? जीव कुठून कुठे पसरतात, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या कामातही कायम राहिला.

बर्लिनमध्ये काय घडलं?
कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर ते जर्मनीला गेले. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन असल्याने ते तिथे शत्रुपक्षाचे ठरले आणि स्थानबद्ध झाले. तरीही अभ्यास सुटला नाही. नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ अडॉल्फ एंग्लर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

विषय कोणता होता?
वायव्य भारतातील कोरड्या व खारट जमिनीवरच्या वनस्पती कशाच्या आधारे पसरतात आणि मुळात आल्या कुठून. हा प्रबंध 1920 मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

हे का महत्त्वाचं?
नवं झाड ज्यापासून उगवतं तो भाग म्हणजे फक्त बी नव्हे. सुरणाचा कंद, आल्याचा गड्डा, पानफुटीचं पानही तेच काम करतं. मात्र कंद सहसा आईजवळच रुजतो. लांबचा पल्ला मुख्यतः बी गाठते. म्हणून पंख, कापूस, काटे किंवा गर पाहिला की बी वाऱ्यावर जाणार, अंगाला चिकटून जाणार की पोटातून, याचा अंदाज येतो. उजाड माळ पुन्हा हिरवा करताना हीच माहिती उपयोगी पडते.

पुढे काय झालं?
अनेक वर्षं कोलकात्यात शिकवून आघारकर पुण्यात आले. 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली आणि तिची उभारणी त्यांनी केली. निवृत्तीच्या वयात त्यांनी हा संसार नव्याने मांडला. 1960 मध्ये त्यांचं निधन झालं. विज्ञानवर्धिनीची प्रयोगशाळा आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. सोयाबीन आणि गव्हाच्या वाणांपुढे दिसणारी 'एमएसीएस' ही अक्षरं विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. बियांच्या वाटा शोधणाऱ्या माणसाच्या संस्थेचं नाव आता बियाण्यासोबतच शेतात पोहोचतं.