मेरी क्युरींच्या मुलीला ब्लड कॅन्सर कशामुळे झाला?

वैनगंगेकाठच्या कारध्यात विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन असो, की एक्स-रे काढणारा टेक्निशियन. कामावरच्या 'रेडिएशन'मुळे ब्लड कॅन्सर होतो का, ही शंका दोघांनाही येऊ शकते. पण दोघांचं रेडिएशन एकच नाही. हा फरक आयरीन जोलिओ-क्युरी यांच्या आयुष्यातून नीट कळतो.

1897 साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या आयरीन यांचे आई-वडील, मेरी आणि पियरे, दोघंही नोबेलविजेते. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा त्या 16 वर्षांच्या होत्या. लवकरच आईसोबत, पुढे एकट्यानेच, त्या आघाडीजवळच्या दवाखान्यांत जखमी सैनिकांचे एक्स-रे काढू लागल्या. गोळी नेमकी कुठे रुतलीय हे सर्जनला दाखवायचं, हे त्यांचं काम. अंगावर किती किरणं पडली हे मोजणारा आजच्यासारखा बॅज तेव्हा कुठला?

युद्धानंतर प्रयोगशाळेत पोलोनियम आलं. 1925 ची डॉक्टरेटही त्यावरच. कृत्रिम किरणोत्साराच्या शोधासाठी 1935 मध्ये पती फ्रेडरिक यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. 1946 मध्ये टेबलावरच पोलोनियमची बंद कुपी फुटली. तरी काम चालूच. जानेवारी 1950 मध्ये त्या कोलकात्यात मेघनाद साहांच्या अणुभौतिकी संस्थेच्या उद्घाटनालाही आल्या होत्या.

17 मार्च 1956 रोजी, 58 व्या वर्षी ल्युकेमियाने त्यांचं निधन झालं. ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार. एका रुग्णात कारण शंभर टक्के सिद्ध करता येत नाही, पण इथे संशय कामावरच जातो. एक्स-रे आणि किरणोत्सारी पदार्थांची किरणं अस्थिमज्जेतल्या पेशींचा डीएनए तोडू शकतात, आणि रक्त तिथेच तयार होतं.

विजेच्या तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात डीएनए थेट तोडण्याइतकी ऊर्जाच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2002 मध्ये त्याला 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, ते मुख्यतः घरातल्या लहान मुलांवरच्या अभ्यासांमुळे. कामगारांबाबतचे पुरावे कच्चेच राहिले. लाइनमनचा खरा शत्रू आजही शॉकच.

शेवटच्या वर्षांत आयरीन पॅरिसजवळच्या ओर्से इथे नवी प्रयोगशाळा उभारण्याच्या तयारीत होत्या. ते काम फ्रेडरिक यांनी पुढे नेलं. 1958 मध्ये तेही गेले.