पेशीच्या उंबरठ्यावरचा संशोधक : डॉ. अर्नेस्ट जस्ट

डॉ. अर्नेस्ट जस्ट यांचा जन्म १८८३ साली अमेरिकेतील चार्ल्सटन शहरी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. चौथ्या वर्षीच पितृछत्र हरपले. शिक्षिका असलेल्या आईने मुलाला शिक्षणासाठी दूर उत्तरेकडे पाठविले. १९०७ साली डार्टमथ महाविद्यालयातून सन्मानाने पदवी घेऊन ते हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले.

१९०९ पासून सुमारे वीस वर्षे बहुतेक उन्हाळे त्यांनी वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत घालविले. सँड डॉलर या सागरी प्राण्याच्या अंड्याला शुक्राणू भिडताच एक बदल लाटेप्रमाणे पृष्ठभागावर पसरतो व दुसऱ्या शुक्राणूस मज्जाव होतो, हे त्यांनी १९१९ साली दाखविले. पेशीचा पृष्ठभाग ही निर्जीव भिंत नसून पेशीचा बाहेरच्या जगाशी व्यवहार तेथेच चालतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज आपण जाणतो की, वाढत्या गर्भातील पेशी शेजारच्या पेशींचे रासायनिक निरोप बहुधा आपल्या पृष्ठभागावरच टिपतात आणि कोणती पेशी आतडे होणार, कोणती सांगाडा, हे बरेचसे त्यावर ठरते.

१९१६ साली शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळूनही वर्णभेदामुळे मायदेशी मोठ्या विद्यापीठांची दारे बंदच राहिली. १९२९ पासून त्यांनी युरोपात संशोधन केले. १९३९ साली पेशीपृष्ठावरील त्यांचा ग्रंथ निघाला. १९४० साली फ्रान्समध्ये नाझींनी त्यांना स्थानबद्ध केले. सुटून परतल्यावर १९४१ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, पद नाकारता येते, संपादन केलेली विद्या नाही. आणि पालकहो, त्या विद्येची सुरुवात एका आईच्या निर्धारातून झाली होती.