मिनीमाता : छत्तीसगढच्या पहिल्या महिला खासदार

रेल्वेच्या नोकरीनिमित्त भिलाईत आलो तेव्हा मिनीमाता हे नाव मला फक्त धरणापुरते माहीत होते. हसदेव नदीवरच्या बांगो धरणाला त्यांचे नाव आहे. त्या कोण, हे येथल्याच एका सहकाऱ्याने सांगितले आणि मग मी मिळेल ते वाचत गेलो.

त्यांचे मूळ नाव मीनाक्षी. दुष्काळाने गाव सुटलेली त्यांच्या आजोळची माणसे पोटासाठी आसामच्या चहामळ्यांत गेली. तेथेच मीनाक्षीचा जन्म झाला. सतनामी पंथाचे गुरू अगमदास यांच्याशी विवाह झाला आणि त्या पूर्वजांच्या मुलखात परतल्या. आपण महाराष्ट्र सोडून येथे आलो. त्या उलट वाटेने स्वगृही आल्या.

अगमदासजी पहिल्या लोकसभेचे सदस्य होते. त्यांच्या निधनानंतर मिनीमाता पोटनिवडणुकीत निवडून आल्या. एक तर बाई, त्यातून विधवा, आणि समाज अस्पृश्य मानला गेलेला. दार उघडले ते पतीच्या नावामुळे, हे मान्य केले पाहिजे. पण केवळ नावावर माणूस किती दिवस टिकतो? पुढे १९५७, १९६२, १९६७ आणि १९७१ या चारही सार्वत्रिक निवडणुका त्यांनी जिंकल्या. अस्पृश्यता, बालविवाह आणि हुंडा यांविरुद्ध त्या झटल्या. भिलाईच्या कारखान्यात स्थानिक लोकांना काम मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. बाहेरून येऊन येथे स्थिरावलेल्या आपण सर्वांनी हे विसरू नये.

११ ऑगस्ट १९७२ रोजी दिल्लीजवळ झालेल्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले. राज्य झाल्यावर छत्तीसगढ शासनाने महिला उत्थानासाठीचा पुरस्कार त्यांच्या नावे सुरू केला.

आज येथल्या पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. लोकसभा व विधानसभांतील एक तृतीयांश जागांसाठी २०२३ साली घटनादुरुस्ती झाली. तरीही कित्येक गावांत सरपंच पत्नी आणि कारभार पतीचा, असे चित्र दिसते. कायदा दार उघडतो. खुर्चीवर बसलेल्या बाईला निर्णय घेऊ देणे हे घरातल्या माणसांच्या हाती असते.

आपल्या उत्सवातही मोदक, रांगोळी, हळदीकुंकू महिलांकडे आणि हिशेब व भाषणे पुरुषांकडे, अशीच वाटणी बहुधा असते. पुढल्या वर्षी अध्यक्षपदासाठी एखाद्या वहिनींचे नाव सुचवावे, असे मी ठरवले आहे. श्रीगणरायाने आम्हा पुरुषांना तेवढी बुद्धी द्यावी, हीच प्रार्थना.