विश्लेषण : नांगराआधी सायकल! लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावचे दुकान

धाराशिवमध्ये गिअरच्या सायकलचा शिफ्टर तुटला, तर आज मोबाइलवरून नवा मागवता येतो. मागच्या दातेरी चकत्या ७ असतील तर शिफ्टरही ७चाच हवा, एवढे पाहायचे. पण सायकलच नवलाईची होती, तेव्हा तिची दुरुस्ती कोण करायचे? बेळगावात उत्तर होते, किर्लोस्कर बंधू.

कोण होते लक्ष्मणराव?

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण रंग ओळखण्यातला दोष आडवा आला. मग यांत्रिक रेखांकन शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तिथून ते बेळगावला सायकली पाठवत. बंधू रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. दुकानदारी म्हणावी तर अशी! पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले.

सायकलीवरून नांगराकडे कसे?

विक्री आणि दुरुस्तीबरोबर कडबा कापायचे यंत्र आले, मग १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची भीती. सुमारे दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईक मिळेना. त्यातच बेळगावची जागाही सोडावी लागली. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.